तुम्ही विचारलंत म्हणून : दोन सबवूफर कुठे ठेवायचे?

"खोली मोठी आहे, सबवूफर दोन घेतलेत. दोन्ही पडद्याच्या बाजूला ठेवू की एक मागे नेऊ?" होम थिएटर करायला घेतलेले बहुतेक जण मला हे विचारतात आणि बहुतेकांना उत्तर एका ओळीत हवं असतं. ते आधीच देऊन टाकतो. बसायची रांग एकच असेल तर दोन्ही सब (बेस, म्हणजे खालचे घुमणारे सूर वाजवणारे सबवूफर) पुढच्या भिंतीला, पण कोपऱ्यांत नाही. भिंतीचे चार सारखे भाग करा आणि पहिल्या व तिसऱ्या खुणेवर ठेवा. रांगा दोन असतील तर एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा बरोबर त्याच्या समोर, मागच्या भिंतीच्या मध्यावर. खोली आयताकृती आहे आणि दार लावलं की बंद होते, असं धरून हे सांगतोय.

पण नुसत्या उत्तरावर थांबू नका. कारण कळलं की त्या जागी दार किंवा खांब आडवा आला तरी मार्ग तुमचा तुम्हाला काढता येईल.

दुसरा सब घेताना दुकानात 'डबल दणका' असं सांगतात. ते खोटं नाही. दोन सारखे सब शेजारी शेजारी ठेवले तर एकट्यापेक्षा ६ डेसिबलपर्यंत जास्त आवाज मिळतो. मात्र एक सब असताना ज्या खुर्चीवर बेस गायब होता, त्या खुर्चीवर तो दोन असूनही गायबच राहतो, कारण तो गायब करणारी तुमची खोली असते. दुसऱ्या सबचं खरं काम सगळ्या खुर्च्यांवर सारखा बेस पोचवणं हे आहे. ते तो जागेच्या जोरावर करतो, त्याच्या वॉटवर नाही.

हौदातलं पाणी लांबीच्या दिशेने हेलकावलं की दोन्ही टोकांना ते वर-खाली होतं आणि बरोबर मधोमध पातळी जिथल्या तिथे राहते. बंद खोलीत बेसचा दाब तसाच वागतो. भिंतीपाशी भरपूर, मध्यावर जवळजवळ शून्य. कुठल्या सुराला, म्हणजे किती हर्ट्झला हे होणार ते काढणं सोपं आहे : ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. आलेला आकडा म्हणजे पहिला हेलकावा, आणि त्याची दुप्पट-तिप्पट म्हणजे पुढचे. रुंदीसाठीही हाच हिशोब. दुसऱ्या हेलकाव्यात शून्याच्या जागा दोन असतात, खोलीच्या पाव आणि पाऊण लांबीवर. तिसऱ्यात तीन.

नाशिकच्या एका बंगल्यातली वरच्या मजल्यावरची खोली घेतो, कारण अशा मापाच्या खोल्या आपल्याकडे खूप दिसतात : २४ फूट लांब, १६ फूट रुंद. लांबीचे हेलकावे साधारण २३.५, ४७ आणि ७१ हर्ट्झला. रुंदीचे ३५ आणि ७१ ला. ७१ दोन्हीकडे आला, कारण मापं तीनास दोन या प्रमाणात आहेत. खोली अजून कागदावर असेल तर असं सरळ प्रमाण टाळा. एखाद फुटाने बदललंत तरी फरक पडतो.

त्या खोलीत सब एकच होता, पुढच्या डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातला सब सगळेच हेलकावे पूर्ण ताकदीने उठवतो. पहिल्या रांगेतली डोकी पडद्याच्या भिंतीपासून १२ फुटांवर, म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर. दुसरी रांग १८ फुटांवर, म्हणजे पाऊण लांबीवर. म्हणजे पहिल्या रांगेला लांबीचे २३.५ आणि ७१ ऐकू येत नव्हते आणि दुसऱ्या रांगेला ४७. घरातले थोरले जिथे बसायचे ती मधली खुर्ची तर रुंदीच्याही मध्यावर होती, त्यामुळे तिथे ३५ ही नाही. घरमालकांची तक्रार अशी होती की मागच्या रांगेत स्फोट पोकळ वाटतात, सब कमी पडतोय, मोठा घ्यायचा आहे. मी ४७ हर्ट्झचा टोन लावून ठेवला आणि त्यांना मागच्या खुर्चीवरून उठून हळूहळू मागच्या भिंतीकडे जायला सांगितलं. खुर्चीपाशी टोन जेमतेम ऐकू येत होता. दोन पावलांत तो वाढला आणि भिंतीला पाठ टेकली तेव्हा शर्टाची बटणं थरथरत होती. सब तोच, आवाजही तेवढाच. मोठ्या सबचा विषय तिथेच संपला.

आपल्याकडे हा प्रकार जास्त तीव्र असतो, हे मुद्दाम सांगतो. इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले अमेरिकेतल्या घरांवरून आलेले असतात. तिथे भिंती बहुतेक लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या. त्या बेसबरोबर किंचित हलतात, थोडा बेस गिळतात, थोडा बाहेर सोडतात. आपली विटांची भिंत आणि वरचा आरसीसी स्लॅब जवळजवळ सगळाच बेस परत फेकतो. म्हणून आपल्या खोल्यांत बेस जास्त घुमतो आणि तो गायब होण्याच्या जागा, म्हणजे खड्डेही जास्त खोल पडतात. भिंतीला दोन इंची फोम लावून यात काहीच बदलत नाही. ४७ हर्ट्झची लाट २४ फूट लांब असते, दोन इंचांची ती दखलही घेत नाही.

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सॉफ्टवेअरने, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरमधल्या इक्वलायझरने (ईक्यू), एखादा सूर जास्त येत असेल तर तो कमी करता येतो. पण एका खुर्चीवर ४७ जास्त आणि शेजारच्या रांगेत कमी असेल, तर ईक्यू कोणाचं ऐकणार? एकाचं सुधारलं की दुसऱ्याचं बिघडतं. आणि खड्डा आवाज वाढवून भरत नाही. तिथे लाटा एकमेकींना खोडत असतात, तुम्ही जेवढं जास्त द्याल तेवढं जास्त खोडलं जातं. १० डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट पॉवर द्यावी लागते, तीही वाया. म्हणून क्रम असा : आधी सबच्या जागा अशा निवडायच्या की सगळ्या खुर्च्यांना एकसारखं ऐकू येईल. ते चांगलं नसलं तरी चालेल, एकसारखं हवं. मग ईक्यू त्याला एकाच फटक्यात सगळ्यांसाठी चांगलं करतो.

हे जागेने कसं साधतं? समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब एकाच वेळी ढकलायला लागले की लांबीचा पहिला हेलकावा उठतच नाही. एक सब त्याला एका बाजूने ढकलतो, दुसरा विरुद्ध बाजूने. तिसऱ्याचंही तेच. दोन्ही सब रुंदीच्या मध्यरेषेवर असल्याने रुंदीचा पहिला हेलकावा त्यांच्या हाती लागत नाही. नाशिकच्या खोलीत २३.५ आणि ३५ असे गेले. ४७ राहिला, पण त्याच्या शून्याच्या जागा ठाऊक होत्या : ६ आणि १८ फूट. मग पहिली रांग १४ फुटांवर आणि दुसरी साडेवीस फुटांवर सरकवली. दोन्ही रांगा खड्ड्याबाहेर आल्या. रुंदीचा ७१ मात्र राहतो आणि कडेच्या खुर्च्यांवर तो थोडा कमी ऐकू येतो. दोन रांगांचं जमवताना एवढं मी पत्करतो.

रांग एकच असेल तर हिशोब उलटा. एका रांगेतली सगळी डोकी पडद्यापासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे लांबीचे हेलकावे सगळ्यांना सारखेच छळतात आणि ते ईक्यूला सांभाळता येतात. फरक पडतो तो रुंदीत, सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढच्या भिंतीवर पाव आणि पाऊण रुंदीला, १६ फुटी भिंतीत ४ आणि १२ फुटांवर सब ठेवले की रुंदीचे पहिले तिन्ही हेलकावे उठत नाहीत. सोफ्यावर कुणीही कुठेही बसा. फक्त सोफा बरोबर मध्यावर लावू नका. खोलीच्या साधारण दोन-तृतीयांश लांबीवर चांगली जागा मिळते.

हे मी शोधलेलं नाही. हार्मन कंपनीत काम करणाऱ्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे याच प्रश्नावर निबंध मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणं हा दोन सबसाठीचा उत्तम पर्याय निघाला, आणि चार भिंतींच्या मध्यावर चार असतील तर त्याहून बरं. चाराच्या पुढे जाऊन फारसा फायदा नाही. तुमच्या खोलीचं चित्र आधीच बघायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात खोलीची मापं टाकून सब आणि खुर्ची माउसने सरकवता येते आणि ग्राफ तिथल्या तिथे बदलताना दिसतो. सुताराला बोलावण्याआधी एक संध्याकाळ यावर घालवाच.

मोठ्या खोलीबद्दल एक सावधगिरी. हेलकावा मारला म्हणजे खोलीकडून मिळणारी फुकटची मदतही गेली. तेवढी कसर सबनेच भरून काढायची असते. शिवाय सूर निम्म्यावर आला की तेवढ्याच आवाजासाठी सबमधल्या हलणाऱ्या कोनाला चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून लहान खोलीत पुरणारे छोटे सब इथे धापा टाकतात. आणि दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. जुना एक आहे, नवा वेगळा घेऊ, असं बरेच जण म्हणतात. एक पोर्टवाला (खोक्याला हवेसाठी भोक असलेला) आणि एक सीलबंद असेल तर खालच्या सुरांत ते एकाच वेळी ढकलत नाहीत आणि वरचा सगळा हिशोब कोलमडतो.

मागचा सब ऐकून कळणार नाही का, असं हमखास विचारतात. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला जवळजवळ कळत नाही. कळतं ते बाकीच्या गोष्टींवरून : पोर्टमधून फुसफुसणारी हवा, फॉल्स सीलिंगची थरथर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मागच्या रांगेखालचा प्लॅटफॉर्म. सुतार तो प्लायचा पोकळ खोका करून देतो आणि त्यावर सब ठेवला की अख्खा खोका वाजतो. प्लॅटफॉर्ममध्ये रॉकवूल ठासून भरा आणि सबपुरती जागा कापून सब थेट फरशीवर उतरवा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० च्या वर नेऊ नका, नाहीतर पुरुषी आवाज पाठीमागून बोलायला लागतो.

जुळवणीत दोन ठिकाणी लोक अडतात. पहिलं, सिग्नल. समोरासमोर ठेवलेल्या सबना एकमेकांचे हेलकावे मारायचे असतात, त्यामुळे दोघांनी एकाच क्षणी ढकललं पाहिजे. काही रिसीव्हर प्रत्येक सबचं अंतर वेगळं मोजून जवळच्याला उशीर लावतात. मी आधी दोन्ही सबना एकच सिग्नल देतो, दोन्हींचा गेन (आवाजाची पातळी) सारखा ठेवतो, फेजही सारखी, आणि रिसीव्हरला तो एकच सब आहे असं समजू देतो. मग माइक घेऊन प्रत्येक खुर्चीवर स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) घेतो. सगळ्या खुर्च्यांच्या ग्राफमधल्या रेषा ८० च्या खाली एकमेकींवर बसत असतील तर जागा बरोबर आहे. बसत नसतील तर ईक्यूला हात न लावता सब किंवा खुर्ची फूटभर सरकवून पुन्हा मोजतो.

दुसरं, अंतर. रिसीव्हरच्या ऑटो सेटअपनंतर सबचं अंतर १४ फुटांऐवजी २० दाखवतो आणि लोक ते 'दुरुस्त' करतात. करू नका. सबच्या आतल्या सर्किटला थोडा वेळ लागतो आणि रिसीव्हर तो वेळ फुटांत मोजतो, १ फूट म्हणजे साधारण ०.९ मिलिसेकंद. तो आकडा खरा आहे.

आणि घूंऽऽ असा हम येत असेल तर सब बदलायला धावू नका. थ्री फेज असलेल्या बंगल्यात वायरमन मागच्या भिंतीचा पॉइंट सोयीने दुसऱ्या फेजवर टाकतो आणि अर्थिंगही वेगळ्या वाटेने फिरवतो. दोन्ही सब आणि रिसीव्हर एकाच फेजवर, एकाच अर्थिंगला घ्या. हम घालवायला सबच्या प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका, त्याने जिवावर बेतू शकतं.

प्लास्टर अजून व्हायचं असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. आजच वायरमनला सांगून चारही भिंतींच्या मध्यावर आणि पुढच्या भिंतीच्या पाव-पाऊण खुणांवर पॉइंट काढून घ्या, मग सब दोनच असोत. प्रत्येक जागी दोन पाइप हवेत, एक विजेचा आणि एक सिग्नलचा, मध्ये फूटभर अंतर ठेवून. सिग्नलचा पाइप किमान एक इंची, नाहीतर केबलचा प्लग वळणावर अडकतो. आणि पाइपमध्ये ओढायची तार आत्ताच घालून ठेवा.