मेड्यूसा कोणाची? ग्रीक पुराणकथांवरचे विकिपीडिया लेख संपादताना

ग्रीक पुराणकथांवरच्या लेखात दोन संपादकांची जुंपते, तेव्हा पुष्कळदा दोघंही बरोबर असतात. फक्त दोघांचे कवी वेगळे असतात. केसांच्या जागी साप असलेली मेड्यूसाच घ्या. ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’त (ओळी 270–281) ती तीन गॉर्गन (राक्षसी) बहिणींपैकी एकटीच मर्त्य, आणि समुद्रदेव पोसायडनशी तिचा संग होतो तो वसंतातल्या फुलांच्या कुरणात. सुंदर तरुणी, मिनर्व्हा देवीच्या देवळातला बलात्कार, शिक्षा म्हणून केसांचे झालेले साप, हे सगळं रोमन कवी ओव्हिडचं: ‘मेटामॉर्फोसेस’, सर्ग 4, ओळी 794–803. मधे सुमारे सातशे वर्षं गेली आणि ग्रीकची लॅटिन झाली.

म्हणून ‘पुराणकथेनुसार’ हा शब्द दिसला की खोडावा आणि तिथे कवीचं नाव घालावं. अर्धेअधिक वाद तिथेच मिटतात. माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा ठळक माहितीचा तक्ता) मात्र फार छळते, कारण तिला एकच उत्तर हवं असतं. अ‍ॅफ्रोडाइटी ही प्रेमदेवता होमरच्या ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात डायोनीची मुलगी आहे, ‘थिऑगनी’त समुद्राच्या फेसातून जन्मते. दोन्ही लिहा, दोन्हींना स्वतंत्र संदर्भ द्या. त्यातलं एक निवडणं हे आपलं काम नाही.

संदर्भ तपासल्याशिवाय ठेवू नका. टाच हीच अकिलीस या वीराची एकमेव दुबळी जागा, या गोष्टीला ‘इलियड’चा संदर्भ जोडला असेल तर तो काढाच, ती गोष्ट तिथे नाही. त्याला लहानपणी स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा रोमन कवी स्टेशियसच्या ‘अकिलीड’मध्ये येते, इसवी सनाच्या पहिल्या शतकात.

पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, तेव्हा सर्ग आणि ओळ द्यावी. पद्य अनुवादांत ओळी मागेपुढे सरकतात, त्यामुळे ‘पर्सिअस डिजिटल लायब्ररी’ या संकेतस्थळावर मूळ संहितेशी आकडा ताडून घ्यावा. काव्यात काय घडतं एवढंच काव्याच्या आधारानं लिहिता येतं. त्याचा अर्थ लावायचा तर अभ्यासकाचा ग्रंथ लागतो, नाहीतर ते मूळ संशोधन (संपादकाचा स्वतःचा निष्कर्ष) ठरून उडवलं जातं.

मोठा बदल आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करून पाहा. मग एकेक विभाग वेगळा जतन करा, म्हणजे कुणाला एक वाक्य खटकलं तर सगळंच उलटवलं जात नाही. इंग्रजी लेखावरून अनुवाद केला असेल तर संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या टिपेत) त्या लेखाचा दुवा द्यावाच लागतो. मजकुराचा परवाना मूळ लेखकांना श्रेय मागतो, आणि ते श्रेय पानाच्या इतिहासातच नोंदलं जातं.