गेटिसबर्ग: बिगलोच्या तोफा ज्या वाटेने मागे सरल्या

गेटिसबर्गला जाऊन आलेल्या आपल्या कुणालाही विचारा, काय पाहिलंत? उत्तर ठरलेलं: 'दगड. नुसते दगड.' त्यांचंही काही चुकत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या या रणभूमीवर १,३०० हून जास्त स्मारकं आणि खुणेचे दगड आहेत. गाडीतून फिरलं की थोड्याच वेळात सगळे एकसारखे दिसायला लागतात. म्हणून आम्ही एकच तुकडी निवडली आणि तिच्या मागोमाग गेलो: नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी, म्हणजे तोफखान्याची एक तुकडी. सोबत भारतातून आलेले बाबा होते. त्यांचे गुडघे आता कुरकुरतात, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली, उत्तरेचं (युनियन) सैन्य विरुद्ध दक्षिणेचं (कॉन्फेडरेट) सैन्य अशी ही लढाई १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस चालली. आपली बॅटरी उत्तरेची. आपली गोष्ट दुसऱ्या दिवसाची. कॅप्टन जॉन बिगलोची ही बॅटरी म्हणजे सहा नेपोलियन तोफा, शंभरेक माणसं आणि ८८ घोडे. तोवर त्यांचा बहुतेक काळ वॉशिंग्टनच्या संरक्षणात गेला होता. खरी लढाई त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यात उत्तरेच्याच तिसऱ्या कोअरचा (सैन्याच्या एका मोठ्या विभागाचा) सेनापती डॅनियल सिकल्स यानं वरून हुकूम नसताना आपली सगळी फळी पुढे पीच ऑर्चर्ड या पीचच्या बागेपर्यंत नेऊन ठेवलेली. ती उघडी पडलेली बाजू झाकायला राखीव तोफखान्यातून ज्या बॅटऱ्या धाडल्या, त्यातली ही एक.

सुरुवात व्हीटफील्ड रोडवरच्या मुख्य स्मारकापासून करा. बहुतेक लोक इथे फोटो काढून पुढे सटकतात. तुम्ही मात्र जरा थांबा आणि तोफांकडे बघा. मैदानावरच्या बहुतेक नळ्या अस्सल त्या काळच्या आहेत. गाडे मात्र लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी बनवलेले, ओतीव लोखंडाचे. लाकडी असते तर पावसापाण्यात कधीच कुजले असते. हिरवट चढलेली ती काशाची नेपोलियन, काळी ती लोखंडी रायफल्ड तोफ (नळीत आतून आटे पाडलेली). समोरून वाकून नळीचं तोंड पाहा. कडेने बारीक अक्षरं कोरलेली असतात: कारखाना, साल, क्रमांक, तपासनिसाची आद्याक्षरं आणि पाउंडात वजन. नेपोलियनवर वजनाचा आकडा बाराशेच्या आसपास असतो, तीन इंची रायफलवर आठशेच्या. बाबांनी चष्मा वर सारून एकेक अक्षर लावलं. 'एवढं धूड घोड्यांनी ओढायचं?' हा त्यांचा पहिला प्रश्न. सहा घोडे लागत एका तोफेला. तोफांवर चढायला सक्त मनाई आहे. मुलं बरोबर असतील तर हे गाडीतच बजावून ठेवा.

आता खरा भाग, आणि तो पायीच करायचा. संध्याकाळच्या सुमारास पीच ऑर्चर्ड पडलं आणि बिगलोला मागे हटण्याचा हुकूम आला. पण घोडे जुंपायला तोफा थांबवल्या असत्या तर शत्रू अंगावरच आला असता. मग त्यानं तोफेला लांब दोर बांधून घोड्यांच्या गाड्याशी जोडला. बार काढायचा, धक्क्याने तोफ मागे सरते, तेवढ्यात घोडे दोर ओढतात, पुन्हा भरायचं, पुन्हा बार. डावीकडे दक्षिणेचा सेनानी कर्शॉ याच्या साउथ कॅरोलिनाच्या माणसांवर कॅनिस्टर, उजवीकडे मिसिसिपीवाल्यांवर भरीव गोळे. कॅनिस्टर म्हणजे पत्र्याचा डबा. नेपोलियनच्या एका डब्यात २७ लोखंडी गोळ्या असत. असं करत ते सुमारे ४०० यार्ड मागे, ट्रॉसलच्या शेतघरापर्यंत आले.

नकाशावर हे अंतर बोटभर आहे. चालताना कळतं की जमीन सपाट नाही. ट्रॉसलच्या कुंपणाजवळ पोचून मागे वळलात तर ज्या दिशेने आलात तिकडचं फार काही दिसतच नाही, कारण मध्ये एक उंचवटा आहे. चाल करून येणारे गोलंदाजांना दिसायचे ते जेमतेम पन्नासेक यार्डांवर आल्यावरच. पुस्तकात हे कितीदा वाचलं तरी डोक्यात शिरत नव्हतं, इथे उभं राहिल्याबरोबर शिरलं. शेतात पीक उभं असेल तर आत घुसू नका, रस्त्याने वळसा घ्या. गुडघेवाल्यांना गाडीने थेट ट्रॉसलपाशी सोडावं आणि स्वतः चालत यावं. उंचवट्यावरून तुम्ही त्यांना केव्हा दिसता हे त्यांना विचारा. आम्ही तेच केलं.

ट्रॉसलच्या अंगणात मॅक्गिलव्हरी नावाचा तोफखान्याचा अधिकारी आला आणि त्यानं बिगलोला सांगितलं: काय वाट्टेल ते होवो, इथेच थांबा. मागे सिमेटरी रिज या टेकाडावर उत्तरेच्या फळीत मोठं खिंडार पडलं होतं. तिथे नव्या तोफा मांडेपर्यंत कुणीतरी शत्रूला अडवणं भाग होतं. बिगलोच्या तोफा दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात अडकलेल्या, बाहेर पडायला एक अरुंद फाटक. एक तोफ त्या फाटकातच कलंडली, सरळ करून काढावी लागली. दुसरी कुंपणावरून काढली. बाकीच्या चार दक्षिणेच्या २१व्या मिसिसिपी रेजिमेंटच्या हाती पडल्या (नंतर परत मिळाल्या). ८ ठार, १८ जखमी, २ बेपत्ता, आणि ८८ पैकी सुमारे ८० घोडे गेले. त्या घोड्यांचा, याच अंगणातला, टिमोथी ओसुलिव्हनचा फोटो आहे. तो फोनमध्ये उतरवून घेऊन जा आणि घरासमोर धरून जुळवा. बिगलो स्वतः दोन गोळ्या लागून पडला होता. बिगुलवाला चार्ल्स रीड यानं त्याला घोड्यावर चढवलं आणि दोन्हीकडच्या माऱ्यामधून चालत बाहेर आणलं. त्याबद्दल १८९५ मध्ये रीडला मेडल ऑफ ऑनर मिळालं. मॅक्गिलव्हरीची नवी फळी मात्र टिकली. हा माणूस पुढच्या वर्षी बोटाच्या शस्त्रक्रियेत, क्लोरोफॉर्मने गेला.

विटांच्या मोठ्या कोठाराची भिंत वरपर्यंत नीट न्याहाळा. वाऱ्यासाठी ठेवलेल्या, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराच्या जाळीदार नक्षीखाली एक ओबडधोबड भोक आहे, तोफगोळ्याचं. ते कधी बुजवलं नाही हे उत्तम केलं. बॅटरीचा दुसरा दगड इथेच आहे. तिसरा झिगलर्स ग्रोव्हमध्ये, जिथे उरलेल्या दोन तोफा ३ जुलैला होत्या. वेळ कमी असेल तर तिसरा सोडा, ट्रॉसल सोडू नका.

बाकी व्यवहाराचं. पार्कला प्रवेशशुल्क नाही. व्हिजिटर सेंटरमधल्या म्युझियम, फिल्म आणि सायक्लोरामाला (लढाईचं भलंमोठं गोलाकार चित्र) तिकीट आहे. स्वच्छतागृह तिथेच उरकून निघा. परीक्षा देऊन परवाना मिळवलेले गाइड तुमच्याच गाडीत बसून दोन तास फिरवतात. बुकिंग करतानाच 'आम्हाला बिगलोची बॅटरी पाहायची आहे' असं सांगा, म्हणजे सरसकट फेरी होत नाही. पार्कमधले बरेच रस्ते एकदिशा आहेत, जीपीएसपेक्षा पार्कचा कागदी नकाशा बरा. गवतातून चालायचं तर फुल पँट आणि मोजे. इथे गोचीड असतात आणि त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाची भीती खरी आहे. रात्री अंग तपासा. जुलैत ऊन फार, सावली जवळपास नाहीच. ऑक्टोबर सगळ्यात छान. ड्रोन आणि मेटल डिटेक्टर घरी ठेवा, दोन्हींना बंदी आहे. शाकाहाऱ्यांनी डबा न्यावाच.

जेवताना बाबांनी वेगळाच धागा काढला. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद आणि शेअरचा तो सगळा उन्माद त्यातलाच; १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं.

मेरीलँडकडे परतणाऱ्यांसाठी एक जोड. ट्रॉसलच्या कोठाराजवळ सिकल्स जखमी झाला त्या जागेची खूण आहे. त्याचा उजवा पाय कापावा लागला. हाड त्यानं सैन्याच्या वैद्यकीय संग्रहालयाला देऊन टाकलं. ते आज सिल्व्हर स्प्रिंगला पाहता येतं. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा, आणि लहान मुलांना दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. बाबांना तेच सगळ्यात जास्त आवडलं.