तंगडीच्या टोकाची टोपी

कोंबडीची तंगडी खाताना हाडाच्या टोकाला एक पांढरी, चकचकीत टोपी लागते. कोणी ती ताटाच्या कडेला सारतो, कोणी मिटक्या मारत कुरकुर चावतो. डॉक्टरांच्या तोंडी ती कूर्चा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो, हाडं वाढायची थांबलेली नसतात, म्हणून त्याच्यात ती भरपूर. छातीच्या हाडाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहावं. वाकलं तर पक्षी कोवळा. जून कोंबड्याचं वाकत नाही, कारण तिथल्या कूर्चेचं हाड होऊन गेलेलं असतं.

ही कूर्चा मुळात होते कशी, ते अंड्यात दिसतं. अंडं साडेचार दिवस ३८ अंशांवर उबवलं, की भ्रूणाच्या कुशीला पंखाच्या जागी वल्ह्यासारखा फुगवटा दिसतो. आत ना हाड, ना कूर्चा. नुसत्या सैल पेशी. मग मधल्या भागातल्या पेशी एकमेकींना बिलगून गच्च गोळा होतात. सॉक्स-९ हे जनुक काम करत नसेल, तर हा गोळाच वळला जात नाही.

गर्दी किती हवी, हे प्रयोगशाळेत नेमकं मोजता येतं. १९७७ पासून रुळलेली रीत अशी: फुगवटा कापायचा, ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या पाचकरसानं पेशी सुट्या करायच्या, २० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायच्या आणि १० मायक्रोलिटरच्या एका थेंबात दोन लाख पेशी बशीत ठेवायच्या. तासा-दोन तासांनी त्या तळाला धरल्या, की वरून पोषकद्रव ओतायचं. इथंच घाई नडते. लवकर ओतलं तर पेशी वाहून जातात, फार वेळ थांबलं तर थेंब कडेनं सुकतो. आणि थेंब विरळ असेल, तर पेशी बशीवर हातपाय पसरून चपट्या होतात. त्यांची कूर्चा होत नाही. घोळ झाला नसेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी अल्शियन ब्लूनं रंगवल्यावर नुसत्या डोळ्यांना निळे ठिपके दिसतात. रंग पीएच १ इतका आम्लधर्मी ठेवायचा, म्हणजे तो फक्त कूर्चेतल्या गंधकयुक्त शर्करांनाच धरतो.

गंमत पुढं आहे. एवढी दाटी करून जमलेल्या या पेशी लगेच एकमेकींना दूर लोटू लागतात! प्रत्येक जण आपल्याभोवती टाइप-२ कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन आणि ॲग्रिकॅन हा शर्करांनी लगडलेला प्रथिनाचा रेणू रचते. ॲग्रिकॅन पाणी ओढून फुगतं, मधलं अंतर वाढतं, आणि शेवटी चाळीत गेलेला संसार जणू एकेका बंगल्यात राहू लागतो. या बंगल्यांना रक्तवाहिनी नाही. अन्न पाझरत येईल तेवढंच. मोठेपणी गुडघ्याची कूर्चा झिजली की भरून येत नाही, त्याचं एक कारण हेच.

माणसात हाच क्रम: हातापायांचे फुगवटे चौथ्या आठवड्यात, गोळे पाचव्यात, हाडांचे कूर्चेतले साचे सहाव्यात, आणि त्यांचं हाड व्हायला सुरुवात साधारण आठव्यात.

पण साचा अखंड राहिला तर कोपर वाकणार कसं? सांध्याच्या जागच्या पेशी कूर्चेचं काम मध्येच सोडून पुन्हा चपट्या होतात, आणि तिथं फट पडते. तेवढ्यानंही भागत नाही. अंड्यातल्या पिल्लाचे स्नायू औषधानं लुळे केले, तर पडू लागलेली फट पुन्हा बुजते आणि दोन हाडं एकजीव होतात. ताटातली तंगडी पिळली की मांडीपासून अलगद सुटते, कारण ते पिल्लू कवचाच्या आत पाय झाडत होतं.