तुम्ही विचारलंत म्हणून: चाकांवरचं घर वाटेत बंद पडलं तर

मोटरहोम घेऊन पहिल्यांदा लांब निघणारे लोक हमखास विचारतात, "कार बंद पडली तर काय करायचं ते माहीत आहे. पण ही अख्खी घर असलेली गाडी वाटेत बसली तर?" प्रश्न रास्त आहे. साडेतीन टन किंवा त्याहून जड, तीन मीटरच्या आसपास उंच आणि आत गॅस सिलिंडर असलेल्या गाडीला कारच्या सवयी पुरत नाहीत.

माझं उत्तर असं, की दुरुस्तीची घाई करू नका, थांबण्याची करा. गाडी बसते तेव्हा मोठं नुकसान बहुतेक वेळा मूळ बिघाडाने होत नाही, "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणून रेटल्याने होतं. थर्मोस्टॅट हा इंजिनाचं थंड पाणी सोडणारा-अडवणारा लहानसा भाग आहे. तो अडकलेला असताना गाडी तशीच दामटली, तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, वाकतो.

थांबलात की आधी माणसं बघा. चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, रहदारीच्या उलट बाजूच्या दाराने सगळ्यांना बाहेर काढा. मागे झोपलेल्यांनाही उठवा. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे उभे राहा. सिलिंडरची मुख्य चावी बंद करा, कारण फ्रीज गॅसवर चालू असेल तर आत ज्योत पेटलेली असते आणि ते पटकन लक्षात येत नाही. धोक्याचा त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा. मात्र गाड्या सुसाट येत असतील तर त्यासाठी रस्त्याने मागे चालत जाऊ नका.

आता इंजिन तापण्याबद्दल. भरलेली गाडी, लांब चढ आणि एसी चालू, या तिन्हींची गाठ पडली की तापमानाचा काटा वर सरकतो. लगेच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा जोरात लावा आणि खालच्या गिअरमध्ये हळू चला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, त्यामुळे इंजिनाची उष्णता आत येते. तुम्हाला उकडेल, पण इंजिन वाचेल. काटा तांबड्या पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली, तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

रेडिएटरचं झाकण किमान पाऊण तास उघडायचं नाही. झाकणामुळे आतला दाब साधारण १५ पीएसआयने (हे दाबाचं माप) जास्त असतो, म्हणून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, १२० अंश सेल्सिअसलाही द्रव राहतं. झाकण फिरवताच दाब जातो, ते क्षणात उकळतं आणि तोंडावर उडतं. रेडिएटरचा वरचा होस (रबरी नळी) दाबून पाहा. तो मऊ आणि कोमट लागला, तरच जाड फडकं टाकून झाकण सावकाश सैल करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

कारण कुठे शोधायचं, तेही लक्षणांवरून कळतं. बॅटरीचा दिवा लागला आणि काटाही चढला, तर पट्टा तुटल्याचा संशय आधी घ्या, कारण बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर (बॅटरी भरणारा) आणि वॉटर पंप (कूलंट फिरवणारा) एकाच पट्ट्यावर फिरतात. गर्दीत तापते पण वेगात ठीक चालते, तर बहुधा पंखा. उलट वेगात आणि चढावर तापते, तर थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर. होस चिरला असेल तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ओढून घट्ट गुंडाळा, कूलंट भरा आणि जवळचं गॅरेज गाठा. त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नका. सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येत राहिला तर सेल्फ मारूच नका. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेल्याची ती खूण असते.

टायरबाबत मी फार आग्रही आहे. मोटरहोम वर्षाचे कित्येक महिने उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि कडेला चिरा दिसल्या तर वयाचा हिशेब न करता बदला. हवा कमी असली की टायरची कड सारखी दुमडते, तापते आणि फुटते. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरची हवा गेलेली डोळ्यांना दिसत नाही. बाहेरचा एकटाच दोघांचं ओझं वाहतो आणि थोड्या वेळात तोही जातो. म्हणून आतल्या टायरलाही गेज लावून बघा, तेही टायर थंड असताना.

धावताना टायर फुटला तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. मुक्कामाला गाडी समतल करणारे जॅक चाक बदलायला वापरू नका. ते त्यासाठी बनवलेले नसतात आणि गाडी घसरू शकते. वजनाला पुरेसा बॉटल जॅक, त्याखाली जाड फळी आणि विरुद्ध चाकांना ठोकळे हवेत. नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करा. कसताना समोरासमोरचे कसा आणि साधारण ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पुष्कळ मोटरहोममध्ये स्टेपनीच नसते, हे निघण्यापूर्वी बघून ठेवलेलं बरं.

सेल्फ नुसता टकटक करतो, तेव्हा बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली असते, १२.२ला अर्धी आणि १२च्या खाली जवळपास रिकामी. आकडा चांगला असूनही टकटक होत असेल तर टर्मिनल साफ करून घट्ट बसवा. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५च राहिले तर चार्जिंग होत नाही. घरासाठीची बॅटरी वेगळी असते आणि काही गाड्यांत तिच्यावर इंजिन सुरू करायचं बटण डॅशबोर्डजवळ असतं. ते आहे का, हे माहितीपुस्तिकेत आधीच शोधून ठेवा. घरची बॅटरी लिथियमची असेल तर स्वतः केबल जोडून सेल्फ मारू नका. तिचं संरक्षक सर्किट एवढा प्रवाह तोडून टाकतं.

गाडी ओढून न्यायची वेळ आलीच, तर फोनवर नुसतं "गाडी बंद पडली" म्हटलं की कार उचलणारा ट्रक येतो आणि रिकामा परत जातो. छतावरचा एसी धरून उंची, लांबी, भरलेलं वजन, कोणती चाकं इंजिनावर फिरतात आणि मागे जोडचाकं आहेत का, हे एका कार्डावर लिहून चालकाच्या सूर्यपट्टीला लावा आणि तेच वाचून दाखवा. ट्रकवर चढवल्यावर उंची किती होईल, हेही ड्रायव्हरला विचारा, वाटेत कमी उंचीचे पूल असतात. ऑटोमॅटिक गाडीची इंजिनावर फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळत नाही आणि तो जळतो.

आणि गाडी ताब्यात देण्यापूर्वी औषधं, कागदपत्रं, रात्रीचे कपडे बाहेर काढून घ्या. कपाटांचे खटके लावा, पाण्याचा पंप बंद करा. फ्रीज बंद झाला तरी दार उघडलं नाही, तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो.