फुटक्या ॲमोलेडची चिरफाड, भाग ३: काळा पडदा आरसा निघाला

मंडळी, मागच्या वेळी फोनच्या ॲमोलेड पडद्याची (ज्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो) गाडी वरच्या काचेवर अडली होती. ती निघाली एकदाची, हेअर ड्रायर आणि बारीक तार, अडीच तास. कोपऱ्यात पातं जरा जास्तच आत गेलं, ते पुढे सांगतो. (फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा पडदा, ज्याच्याकडून आणलं तो रिपेअरवाला अजून हसतोय, म्हणतो अहो लोक हे फेकून देतात.)

काचेखाली करड्या रंगाची फिल्म असते ती पोलरायझर, एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणारी. नखाने कोपरा उचलून हळूहळू सोलली आणि बंद पडदा जो इतका वेळ काळाकुळकुळीत होता तो चक्क आरसा झाला, त्यात वरची ट्यूबलाइट दिसतेय, माझं घामेजलेलं तोंड दिसतंय! म्हणजे खाली सगळे धातूचे इलेक्ट्रोड, बाहेरचा उजेड ते परत फेकणारच, आणि पोलरायझर अधिक क्वार्टर वेव्हचा थर (जाता-येता उजेडाच्या कंपनाची दिशा फिरवणारा) मिळून तो परतीचा उजेड अडवत होते. फुकट नाही करत पण, आतून येणाऱ्या उजेडातलाही निम्म्याहून जास्त खातात. फिल्मशिवाय पडदा चालू केला तर डोळेच दिपले.

मग यूएसबी मायक्रोस्कोप. डायमंड पिक्सेल आहे, म्हणजे रंगीत ठिपक्यांची तिरकी मांडणी, २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ पासून आला तोच प्रकार. हिरवे ठिपके छोटे छोटे पण संख्येने लाल किंवा निळ्या ठिपक्यांच्या दुप्पट, आणि निळा सगळ्यात मोठा. निळा लवकर म्हातारा होतो, म्हणून त्याला जागा जास्त द्यायची, म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी दर चौरस मायक्रॉनमागे करंट कमी लागतो.

थर दिसतील अशी आशा होती, ती सोडा. तळाला टीएफटी (ठिपके चालू-बंद करणारे पातळ ट्रान्झिस्टर), वर ॲनोड (धन इलेक्ट्रोड), मग होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन भारासारखी वागणारी) नेणारा थर, मधे उजेड देणारा, त्यावर इलेक्ट्रॉन नेणारा, आणि सगळ्यात वर मॅग्नेशियम-चांदीचा इतका पातळ कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) की उजेड त्यातूनच बाहेर येतो. मधले सेंद्रिय (कार्बनच्या संयुगांचे) थर सगळे मिळून काहीशे नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा दोनशेवा भाग वगैरे, आपल्या मायक्रोस्कोपचं काम नाही ते. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी असा उजेड देणारा सेंद्रिय डायोड दाखवला तेव्हा त्यात दोनच सेंद्रिय थर होते. होल आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या थरांतून आणून मधल्या सीमेवर भेटवायचे ही त्यांची आयडिया, बाकी सगळं त्यावरचंच बांधकाम, असं मला तरी वाटतं.

आता त्या कोपऱ्याचं. कडेला काचेची पूड लेझरने वितळवून सील केलेलं असतं, तिथे माझं पातं लागलं आणि केसाएवढी चीर गेली. हवा आणि ओल आत शिरली की कॅथोड आणि सेंद्रिय थर दोन्हींची वाट लागते. रविवारी काळा डाग हरभऱ्याच्या डाळीएवढा होता, बुधवारी नखाएवढा. डागाच्या सीमेवर मायक्रोस्कोप ठेवला तर मस्त दिसतं, तिथले पिक्सेल एकदम मरत नाहीत, कडेकडून आकसत जातात, मधे उजेडाचा दाणा उरतो आणि मग तोही जातो. चिरेवर नेलपॉलिश लावून बघितलं (बायकोचं, विचारून), एक दिवस थांबल्यासारखं वाटलं, मग परत सुरू.

आज सकाळी डाग बॅटरीच्या चिन्हाला भिडलाय, घड्याळातले मिनिटं अजून वाचता येतात.