करंजाचं वर्तुळ आणि जेंटामायसिनचं वर्तुळ

तुम्ही विचारलंत म्हणून. "करंजाच्या अर्काभोवती १८ मिलिमीटरचं वर्तुळ आलं, जेंटामायसिनला २२. म्हणजे जवळजवळ तेवढंच ना?" बडोद्यात प्रोजेक्टचा मोसम आला की विद्यार्थी हे विचारतात, त्यांचे पालकही विचारतात. जंतू पसरलेल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटमध्ये खड्डा पाडून त्यात अर्क भरतात; भोवती जंतू वाढले नाहीत तर स्वच्छ वर्तुळ दिसतं. जेंटामायसिन हे तुलनेसाठी ठेवलेलं प्रतिजैविक.

नाही. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अर्काचे ५० मायक्रोलिटर म्हणजे खड्ड्यात ५ मिलिग्रॅम माल गेला. जेंटामायसिनच्या कागदी चकतीत असतात १० मायक्रोग्रॅम. पाचशेपट फरक! शिवाय वर्तुळ किती पसरेल हे द्रव्य अगारमधून किती सरकतं त्यावरही ठरतं. तेलकट द्रव्य प्रभावी असूनही खड्ड्याशीच अडकून बसतं.

अर्क नीट नसेल तर पुढचं सगळं वाया. पानं झाडावरूनच घ्या, आणि फुलाफळांसकट फांदी वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून ओळख पक्की करा. बाजारातल्या सालीच्या पुडीचं वय कोण सांगणार? वैशाखात पानं सावलीत छान वाळतात. श्रावणात बुरशी धरतात आणि मग तुम्ही बुरशीचाच अर्क तपासत बसता. तेव्हा ४० अंशांचा ओव्हन बरा. १० ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर मिथेनॉल, शेकरवर २४ तास, मग गाळून ४० अंशांखाली रोटरी इव्हॅपोरेटरवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, आटवा. वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, कारण उरलेलं मिथेनॉलही जंतू मारतं. मग डीएमएसओ या द्रावकात विरघळवा.

म्युलर-हिंटन अगारचा (या चाचणीसाठी वापरतात त्या अगारचा) थर ४ मिलिमीटर हवा. पातळ ओतला की वर्तुळ फुगतं. जंतूंचं मिश्रण ०.५ मॅकफार्लंडला, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापाला, जुळवून पंधरा मिनिटांत पसरा. विरळ झालं तरी वर्तुळ फुगणारच. खड्डा ६ मिलिमीटरच्या कॉर्क बोररने पाडताना अगार तळापासून किंचित सुटतो, अर्क खालून झिरपतो आणि वर्तुळ एका बाजूला कलतं. खड्ड्याच्या तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडला की गळती थांबते. आणि व्यास मोजताना खड्डा धरूनच मोजतात, म्हणून "६ मिलिमीटर" याचा अर्थ शून्य! हे छापील प्रबंधांतही निसटतं.

नुसत्या डीएमएसओचा एक खड्डा हवाच. ई. कोलायच्या २५९२२ या प्रमाणित वाणावर जेंटामायसिनचं वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटरमध्ये आलं नाही, तर त्या प्लेटचे आकडे वापरू नका. स्टॅफवर (स्टॅफिलोकोकस जंतूवर) परिणाम दिसला आणि ई. कोलायवर नाही, तर दचकू नका, ई. कोलायला बाहेरचं जादा आवरण असतं.

खरं उत्तर एमआयसीत, म्हणजे वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेत आहे. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खड्ड्याला निम्मा करत न्या, प्रत्येकात मिलिलिटरला ५ लाख जंतू, डीएमएसओ १ टक्क्याच्या वर नको. अर्काच्या हिरव्या रंगात गढूळपणा दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग घालतात: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. पण पॉलिफेनॉल (झाडांतली तुरट द्रव्यं) जास्त असलेला अर्क, बाभळीच्या सालीचा म्हणा, जंतूंशिवायही रेझाझुरिन गुलाबी करू शकतो. जंतू न घातलेली अर्काची ओळ ठेवली नसेल तर फसाल.

मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत वाढ थांबली, तर त्या झाडामागे लागा. १००० लागत असतील तर तसंच लिहा, "प्रभावी" लिहू नका. प्लेटा फेकण्याआधी १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा, आणि यातलं काहीही घरच्या ओट्यावर नको.