आमची वाटचाल : आधी गेज, मग पाना

लांजा-राजापूर पट्ट्यातलं आमचं वर्कशॉप सुरू झालं ते पॉवर टिलर आणि बागेतल्या डिझेल पंपांच्या कामावर. ट्रॅक्टर नंतर आले, तेही बहुतेक घाटावरून आणलेले जुने. पावसात चिखलणी आणि एरवी चिऱ्याची ट्रॉली, अशी दोन्ही कामं तेच ओढतात. "कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब) उतरलंय, इंजिन बांधून द्या," ही मागणी तेव्हापासूनची. कोणत्या सिलिंडरला आणि कुठून गळतंय हे कळेपर्यंत हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवायचं नाही, हा नियम आम्ही लावून घेतला तो या मागणीमुळेच. अर्धं काम हेडवर भागत असताना शेतकऱ्याला पूर्ण लायनर-पिस्टन सेटचा (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली नळी) खर्च का पडावा?

पहिली तपासणी बॅटरीची. सेल्फ (स्टार्टर मोटर) मंद फिरला तर चांगलं इंजिनही कम्प्रेशनचा कमी आकडा दाखवतं. खाऱ्या हवेत टर्मिनल लवकर फुलतात, ते घासून घ्यावे लागतात. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. ही गॅप कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, आणि हा दोष फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पाच मिनिटांत कळतो. गॅप त्या मॉडेलच्या पुस्तकातलाच धरावा.

इंजिन गरम करून सगळी नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) काढायची, स्टॉपची दांडी ओढून डिझेल बंद करायचं, एअर क्लीनरचा पाइप मोकळा करायचा. दाब मोजायचं गेज डिझेलचंच हवं, 1000 पीएसआयपर्यंतचं (पीएसआय हे दाबाचं माप). जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनात साधारण 350 ते 450 पीएसआय मिळतात. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. सगळे सारखेच उतरले असतील तर झीज. शेजारचे दोनच पडले असतील तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) संशय. एकच खूप खाली असेल, तर कोकणात आम्ही आधी सायलेन्सर बघतो. उभ्या सायलेन्सरची टोपी गेलेली असते, चिखलणीनंतर ट्रॅक्टर उघड्यावर उभा असतो, आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात पावसाचं पाणी उतरतं. मग व्हॉल्व्हची सीट गंजते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. बाकीचे सिलिंडर ठणठणीत असतात.

सिलिंडरमध्ये तेल टाकून पुन्हा मोजायचं आणि आकडा चढला तर दोष रिंगांचा धरायचा, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण डिझेलमध्ये ती बेताने वापरावी. सहाशे सीसीच्या सिलिंडरला 17:1 कम्प्रेशन असेल, तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम 37-38 सीसी जागा उरते. त्यात 15 मिली तेल ओतलं की रिंगा कशाही असोत, आकडा चढणारच. जास्त तेलाने तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. चार-पाच मिली पुरे.

आमचा खरा भरवसा हवेवर. पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीला (सर्वात वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) आणायचा, टॉप गिअर टाकून ब्रेक घट्ट लावायचे (नाहीतर क्रँक फिरतो, म्हणून फॅनजवळ हात नको) आणि नोजलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणारी नळी) फुसफुस आली तर रिंगा किंवा लायनर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून आली तर इनलेट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेलं हेड.

नुसत्या चिकटलेल्या रिंगांसाठी डिझेल आणि इंजिन ऑइल सम भाग, थोडंसंच, सिलिंडरमध्ये सोडून रात्रभर ठेवतो. सकाळी नोजल बाहेर असतानाच इंजिन हाताने फिरवतो. ते मिश्रण खालच्या ऑइल चेंबरमध्ये झिरपतं, म्हणून सुरू करण्याआधी ऑइल बदलणं आलंच. यानेही आकडा हलला नाही, तरच हेड खाली येतं. जोडताना नोजलखाली तांब्याचे वॉशर नवे.

सिलिंडरवार आकडे आम्ही बिलावरच लिहून देतो. पुढच्या खेपेला ट्रॅक्टर आला की ते बिल सोबत आणावं, एवढीच विनंती.